पांढरा बाण

आमच्या घरी एकदा नर्मदेतला पांढरा बाण, म्हणजे साक्षात महादेव, आपणहून आला, त्यानं अप्पांच्या हातची एक पूजा घेतली आणि दिवेलागणीच्या आत तो दिसेनासा झाला, ही गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. पुण्याचे भाचे सांगतात, कुर्डुवाडीचे चुलतभाऊ सांगतात, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. मागच्या एका लग्नात तर त्या बाणातून ओंकार ऐकू येत होता, असं माझ्याच पंगतीत कुणीतरी सांगत होतं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. आता अप्पा नाहीत, आई नाही, आणि माझंही वय असं झालं आहे की जे बोलायचं राहिलं आहे ते बोलून टाकावं. तो बाण नव्हता. ते कोंबडीचं अंडं होतं, आणि ते घरात मी आणलं होतं.

तेव्हा मी तिशीला टेकलो होतो. हे काही लहानपण नव्हे, हे मला कळतं. पण आमच्या घरात बाप जोवर पूजेला बसत होता तोवर मुलगा मोठा होत नसे. दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली, आणि गल्ली सगळी विणकरांची. सकाळपासून चहूकडून यंत्रमागांची खटखट चालू असायची. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हाला अशी सवय लागली की आजही मी फोनवर बोलू लागलो की नात म्हणते, "आजोबा, फोन ठेवलात तरी ऐकू जाईल." समोरच्या घरांत तेलुगू, आमच्या घरात मराठी, आणि अप्पांच्या तोंडी बराचसा वेळ संस्कृत. ते शाळेत तेच शिकवत. आई शेंगा भाजून उखळात चटणी कुटायला बसली की लसणाचा आणि भाजल्या दाण्यांचा वास जिन्यानं वर माझ्या खोलीत यायचा, आणि खाली न उतरताच मला कळायचं की आज कडक भाकरी आहे.

अंडं हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. बाजारात एखाद्या दुकानापुढे ट्रे रचलेले दिसले की आई "ते पांढरं" म्हणायची, पदर नाकाला लावायची आणि रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागायची. त्यामुळे तिनं अंडी पाहिली होती ती लांबून, थप्पीनं, आणि तोंड फिरवता फिरवता. एकटं अंडं जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं.

आता देवघराचं सांगायला हवं. आमच्याकडे पंचायतन होतं, म्हणजे पाच दगडांच्या रूपात पाच देव. त्यात महादेव म्हणजे बाण, नर्मदेच्या पात्रात घासून घासून लांबट गोल झालेला गुळगुळीत दगड. आमचा बाण पांढरा होता. आजोबा गेल्यावर धाकट्या काकांनी हट्ट धरला आणि अप्पांनी तो त्यांना देऊन टाकला. काकांना रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती, त्यांच्याबरोबर बाण कुर्डुवाडीला गेला. त्याच्या जागी अप्पा सुपारी ठेवत. आईला ते फार लागलं होतं. "भांडी वाटून घेतात माणसं, घरातले महादेव कुणी वाटून दिलेत का?" असं ती चंदन उगाळताना पुटपुटायची. गंध, फुलं, वाती, नैवेद्य, सगळं ती करायची. पण पंचायतनाला बायकांनी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम होता. तो तिनं लग्न होऊन आल्यापासून पाळला होता.

मी नव्या पेठेत एका माडीवरच्या दुकानात कामाला होतो. दुकान नरसय्याशेठचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, चादरींच्या पिशव्यांवरची लेबलं असली कामं. मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, पाट्या रंगवल्या होत्या, आणि नुकताच कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकलो होतो. त्या सॉफ्टवेअरचं मला अजून अप्रूप वाटतं. त्यात चित्र फासायचं नसतं, बांधायचं असतं. पडद्यावर बिंदू ठेवायचे, त्यांच्यामधून रेघ जाते, आणि प्रत्येक बिंदूला दोन बाजूंनी दोन दांड्या फुटतात. दांडी ओढावी तशी रेघ वाकते. एकदा आकार जमला की तो काडेपेटीवर छापा नाहीतर भिंतभर करा, त्याची कड फाटत नाही. आमच्या पाट्या रंगवण्याच्या जगात लहानाचं मोठं करणं म्हणजे चौकटी आखून घाम गाळणं असे. इथं माऊस जरा सरकवला की झालं. पहिल्या दिवशी मी एक अक्षर वाढवत वाढवत नेलं, ते पडद्यात मावेना, तरी त्याची कड सुरीसारखी धारदारच. मी शेठना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, लाईट बिल मी भरतो. काम करा."

शेठ मला शास्त्रीबुवाच म्हणत.

एक दिवस सांगोल्याकडची बायडाक्का दुकानात आली. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती; तिनं ती विकून कोंबड्यांची शेड घातली होती, आणि आता शहरात अंडी पाठवायची होती. खोक्यावर आणि टेम्पोच्या पाठीवर, दोन्हीकडं तिला एकच चित्र पाहिजे होतं. एकच अंडं, मोठं. "फोटू नको," ती म्हणाली. "फोटू मोठा केला की फुटतोय. आन लांबनं नुसता डाग दिसतोय." मी म्हटलं, हे तर काहीच नाही. लंबगोल ओढला, आत पांढरा भरला, एका बाजूला करडी सावली घातली, आणि दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा ऐटीत पडदा तिच्याकडे वळवला.

"ह्ये काय हाय?"

"अंडं."

"कुन्या जनावराचं?"

शेठ आतून ओरडले, "अक्का, आमच्या शास्त्रीबुवांनी अंडं कधी बघितलंच न्हाई की! साबुदाणा काढलाय बघा त्यांनी."

"साबुदाना बी न्हाय. लिंबू हाय, निब्बार," बायडाक्का म्हणाली. मग डोळे बारीक करून, "आन दोनी टोकं सारखी कशी? येक बाजू बोथाट असती, येक निमुळती. तुमी कदी हातात न्हाय घेतलं व्हय?" मी मान हलवली. तिला हसावं की नाही कळेना. तिनं पिशवीतून चार-पाच अंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या. बगा. शनवारी येती मी. जमलं न्हाय तर पुन्याला दुसरा मानूस हाय, त्याच्याकडं दीन." एवढंच म्हणून ती गेली, आणि शेठ माझ्याकडे असं बघू लागले की मला उमगलं, माझी नोकरी आता त्या अंड्यांवर बसली आहे.

मी ती अंडी समोर ठेवून बसलो. पण दुकानात तीन बाजूंनी ट्यूबलाइट. त्या उजेडात अंडं म्हणजे कागदाचा कापलेला तुकडा. बाहेरचा आकार पकडता आला, तो आला चारच बिंदूंत. वरचा बिंदू नि खालचा बिंदू यांच्या दांड्यांची लांबी वेगळी ठेवली की एक टोक बोथट आणि एक निमुळतं होतं. पण ते चपटं राहिलं. त्याला पोट येईना. करडा रंग गडद केला तर ते मळकं दिसे, फिका केला तर पुन्हा साबुदाणा. तशात शेठचा भाऊ जेवणाच्या सुट्टीत रोज एकेक मॉडेल तव्यावर फोडी. उरलेलं शेवटचं अंडं मी हातरुमालात गुंडाळलं आणि डब्यात घालून घरी नेलं. वरच्या खोलीत खिडकी होती. रात्री ते टेबलावर आईच्या वातीच्या कापसावर ठेवलं, गडगडू नये म्हणून, आणि सकाळच्या उजेडात बघू म्हणून झोपलो.

सकाळी मी आंघोळीला खाली उतरलो आणि आई कापूस घ्यायला वर गेली.

मी न्हाणीतून बाहेर आलो तर ती जिन्यावरून खाली येत होती. दोन्ही हातांत तांब्याचं तबक, तबकात कापूस, कापसावर ते. ती एकेक पायरी अशी उतरत होती की जणू पाणी सांडेल. तिचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "श्रीपाद," ती म्हणाली, "अरे, सांगितलं नाहीस. कुठून आणलास?"

"आई, ते..."

"आता बोलू नकोस. आधी ह्यांना बघू दे. पांढरा आहे रे, अगदी आपला होता तसा पांढरा."

इतकं साधं होतं. एक शब्द. तो मी उच्चारला असता तर काय झालं असतं याचा हिशोब मी आयुष्यभर करत आलो आहे. पण तो शब्द आमच्या घरातला नव्हता, आणि त्या चेहऱ्यासमोर तो माझ्या तोंडातून फुटला नाही. ती देवघराकडे वळली. अप्पा सोवळं नेसून पाटावर बसले होते. ती दारातच थांबली, तबक त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "महादेव परत आले."

त्याच वेळी वीज गेली. गल्लीतले माग एकामागून एक थांबत गेले, शेवटचा जरा रेंगाळून थांबला, आणि अशी शांतता पडली की निरांजनातली वात तडतडलेली ऐकू आली. अप्पांनी हात पुढे केला आणि ते उचललं. भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला की हात जसा नको तितका वर जातो, तसा त्यांचा हात वर गेला. उभा जन्म दगडाचे देव हाताळलेला तो हात. त्याला वजन ठाऊक होतं, गारवा ठाऊक होता. मी दारामागे उभा होतो. अप्पांनी आधी आईकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती, डोळे मिटलेले, गाल ओले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "तांदूळ आण."

मी तांदूळ आणले. त्यांनी तबकातच तांदळाची लहानशी रास केली, वर बोटानं खळगा केला आणि ते त्यात ठेवलं. पळीनं धार धरली नाही. बोटांच्या टोकांवरून थेंब थेंब पाणी सोडलं. गंध लावताना करंगळीजवळचं बोट इतकं हलकं टेकवलं की तान्ह्या मुलाच्या टाळूला तेल लावावं तसं. बेलाचं पान ठेवलं. आणि मग रुद्र म्हणू लागले. मी तो रोज ऐकत आलो होतो, पण रोज मागांच्या खटखटीतून. त्या दिवशी पहिल्यांदा नुसता त्यांचा आवाज ऐकला.

आणि मी ते अंडं पाहिलं. निरांजन त्याच्या एका अंगाला, जरा मागे होतं. पांढरं ते कुठंच नव्हतं. ज्योतीच्या बाजूला कड पेटल्यासारखी तांबूस, कारण उजेड कवचावर थांबत नव्हता, थोडा आत शिरत होता. तिथून रंग इतका सावकाश बदलत गेला होता की कुठं काय संपलं ते बोट ठेवून दाखवता येऊ नये. सर्वांत काळोखी जागा कडेला नव्हतीच. मी मूर्खासारखी कडेला सावली घालत होतो. काळोख होता तो कडेच्या अलीकडे, पोटावर. आणि त्याच्या पलीकडे, अगदी शेवटी, तांब्याच्या तबकाचा उजेड खालून परत येऊन त्याला पुन्हा उचलून धरत होता. आसपासचं सगळं त्यानं अंगावर घेतलं होतं, तांबं, बेलाचा हिरवा, अप्पांच्या सोवळ्याचा लाल. ते काही करत नव्हतं. नुसतं होतं. आज इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगतो, ते कोंबडीचं आहे हे मला ठाऊक होतं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

आई नैवेद्याला शिरा करायला गेली तेव्हा अप्पांनी ते ओल्या फडक्यात घेऊन माझ्या हातावर ठेवलं. "ज्याचं आहे त्याला नेऊन दे."

"अप्पा, मी आईला सांगतो."

"काय सांगशील? तिनं आपल्या हातानं इथं काय आणून ठेवलं ते?" ते हळू बोलत होते, आणि त्यांना हळू बोलताना मी क्वचितच ऐकलं होतं. "देव गेला तर माणूस चार दिवस रडेल. हे कळलं तर ती या देवघरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. जा."

मी गेलो. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटला नाही. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. दुकानात पोचलो, वीज आली होती, आणि मी बसलो तो उठलो नाही. तेच चार बिंदू. पण आत आता एकात एक आकार ठेवत गेलो, प्रत्येकाचा रंग जरासा वेगळा, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाण्याचं काम सॉफ्टवेअरला दिलं. काळोख पोटावर ठेवला. खालच्या कडेला तांब्याचा उजेड दिला. शेवटी हिरव्याचा एक इतका पुसट आकार घातला की तो दिसू नये, पण काढला तर चुकल्यासारखं वाटावं.

शनिवारी बायडाक्का आली. पडद्यापुढे उभी राहिली. मग तिनं तळवा काचेजवळ नेला. "आवं, ऊन लागतंय की. आत्ता घातल्यावानी." शेठनी टोमणा मारला नाही. "शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "कुठं बघितलं हे?" मी म्हटलं, "घरी." तिचं अंडं मी तिला परत दिलं. तिनं ते उजेडात फिरवलं. "ह्याला गंध कुनी लावलंय?" मी माऊसकडे हात नेला. ते बाकीच्यांत न टाकता तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून नेलं.

पूजेच्याच दिवशी दिवेलागणीला आईनं वात लावायला देवघरात पाऊल टाकलं, तर तांदळाच्या राशीवर नुसता खळगा. तिनं अप्पांना हाक मारली. अप्पा म्हणाले, "गेला." एवढंच. ते जन्मात खोटं बोलले नव्हते, आणि हेही खोटं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं. आई रडली नाही. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कापसासकट उचलला होता मी. पण एक बोट लागलं. मला तेव्हाच कळलं होतं, लागलं म्हणून." पुढच्या सोमवारपासून तिनं दर सोमवारी अळणी धरलं. दिवसभर काही नाही, आणि रात्री मीठ न घातलेला भात.

अप्पांचा अंदाज चुकला तो इथं. चार दिवस नव्हेत, तिनं ते उरलेलं सगळं आयुष्य केलं. टेम्पो शहरात फिरू लागला होता. कधी बाजारात तो आमच्या समोरून जायचा, पाठीवर ते केवढं तरी मोठं, तांबूस कडेचं अंडं, आणि आई पदर नाकाला लावून तोंड फिरवायची. मी तिची पिशवी धरून शेजारी उभा असे. त्या चित्रामुळे मला पुढे कामं मिळाली, नाव मिळालं, सोलापुरात अंडं काढावं तर यानंच असं लोक हसत हसत म्हणत. मला दर वेळी तिच्या ताटातला पांढरा भात दिसे.

अप्पा गेले. आई थकली. एका सोमवारी ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात हे अळणी-बिळणी बंद करा. त्या रात्री मी तिचं ताट स्वतः वाढलं. भातावर तूप घातलं, ताटाच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली, आणि माझंही ताट घेऊन तिच्या समोर बसून सगळं सांगितलं. दुकान, बायडाक्का, डबा, कापूस. तो शब्दही उच्चारला. मी संपवलं तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला बरं वाटावं म्हणून किती रे रचून सांगतोस."

"आई, खरंच अंडं होतं."

"अंडं असतं तर ह्यांनी पूजा केली असती?"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. "अप्पांना माहीत होतं. हातात घेतल्याबरोबर कळलं त्यांना."

तिचा हात थांबला. "गेलेल्या माणसाच्या नावावर घालू नकोस काही," ती म्हणाली, आणि तो आवाज लहानपणी मी चोरून गूळ खाल्ल्यावर यायचा तो होता. मग, माझ्याशी नव्हे, समोर कुणीतरी बसलं असावं तसं, "माझं चुकलं, म्हणून तो गेला. ते मी फेडतेय. पण आला होता. आमच्या घरी, त्या दोन खोल्यांत, माझ्या हातांत आला होता. ते मी कुणाला नाही म्हणू देणार नाही."

तिनं मिठाची चिमूट बोटानं ओढून ताटाबाहेर काढली, माझ्या ताटात सारली, आणि अळणी भात कालवायला घेतला.